अंतिम पदार्थात न उरणारे सिलिकॉन

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सेमीकंडक्टर प्रकल्पांविषयीच्या बातम्या आणि लेख अलीकडे आपल्या वृत्तपत्रातून सातत्याने प्रसिद्ध होत असतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये या क्षेत्रासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केल्यापासून सिलिकॉनचे नाव घरोघरी पोहोचले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र या साऱ्या चर्चेत सिलिकॉन म्हणजे चिप एवढेच समीकरण रूढ होऊन बसले आहे. याच मूलद्रव्याचा दुसरा संसार सेंद्रिय रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळांत आणि औषधनिर्मितीच्या कारखान्यांत गेली पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. त्याची दखल वृत्तपत्रे घेत नाहीत, निधीवाटपाचे निकष ठरवणारे घेत नाहीत आणि आमच्या विद्यापीठांचे अभ्यासक्रमही जेमतेमच घेतात. सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली असल्याने या उपेक्षेचे कारण काय असावे आणि तिच्यावर निदान आपल्या राज्यात काय करता येईल, याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो.

उदाहरण वाचकांच्या आठवणीतलेच घेऊ. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरच्या इंजेक्शनांसाठी महाराष्ट्रात लागलेल्या रांगा कोणी विसरले नसेल. त्या औषधाचा रुग्णांना कितपत उपयोग झाला हा वैद्यकातला वाद आहे आणि त्यात मी शिरत नाही. त्या रेणूत सिलिकॉनचा एकही अणू नाही. परंतु तो बनवण्याच्या प्रचलित मार्गावर सिलिकॉन पुन्हा पुन्हा भेटते. नायट्रोजनयुक्त वलयावरील अमिनो गट मध्ये लुडबुड करू नये म्हणून तो ट्रायमिथिलसिलिल क्लोराइड या सिलिकॉनच्या संयुगाने तात्पुरता झाकला जातो. पुढे शर्करेच्या वलयावर सायनाइड गट बसवायचा असतो तेव्हा ट्रायमिथिलसिलिल सायनाइड हे द्रव्य वापरतात, आणि ही अभिक्रिया ट्रायमिथिलसिलिल ट्रायफ्लेटच्या साहाय्याने शून्याखाली बऱ्याच खालच्या तापमानाला घडवून आणतात. काम संपले की सिलिकॉनचे सारे अवशेष पाण्याने धुऊन निघून जातात. अतिदक्षता विभागात दिले जाणारे मेरोपेनेम ज्या मध्यस्थ पदार्थापासून सर्वसाधारणपणे तयार करतात, त्याच्या अंगावर टर्शरी-ब्युटिलडायमिथिलसिलिल नावाचा गट बसवलेला असतो, आणि कोलेस्टेरॉलसाठी लाखो लोक रोज घेतात त्या रोसुवास्टॅटिनच्या मूळ कृतीतही हाच गट होता. रसायनशास्त्रज्ञ त्याला लाडाने टीबीएस म्हणतात. मीही पुढे तसेच म्हणेन.

स्लॅब पडताना लावलेल्या सेंट्रिंगच्या फळ्या घर उभे राहिल्यावर कोणाला दिसत नाहीत, तशीच या सिलिकॉनची गत आहे. वेष्टनावर छापलेल्या रासायनिक नावात ते नसते, पेटंटच्या शीर्षकात क्वचितच असते आणि ‘तुमच्या संशोधनातून कोणते उत्पादन बाजारात आले?’ या हल्ली हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला सिलिकॉनवर काम करणाऱ्याकडे सरळ उत्तर नसते. माझ्या मते उपेक्षेचे मूळ इथेच आहे. साधनाचे मोजमाप उत्पादनाच्या मापाने करण्याची खोड आपल्याला लागली आहे.

सिलिकॉनच का, हा प्रश्न साहजिक आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट वजनाने जवळजवळ निम्मा सिलिका आहे आणि भूकवचाचा सुमारे २८ टक्के भाग सिलिकॉनचा आहे. पण त्या साऱ्या सिलिकॉनची सोयरीक ऑक्सिजनशी असते. कार्बन आणि सिलिकॉन यांना थेट जोडणारा बंध निसर्गाने, आपल्या माहितीप्रमाणे, कोणत्याही सजीवात घडवलेला नाही. तो माणसाने प्रयोगशाळेत घडवला. १८६३ मध्ये फ्रीडेल आणि क्राफ्ट्स यांनी टेट्राइथिलसायलेन तयार केले, तेव्हापासून या शाखेचा आरंभ मानतात. अशा सेंद्रिय सिलिकॉन गटाचा रेणूतील ऑक्सिजनशी जुळणारा बंध रसायनशास्त्रज्ञाला हवा तसाच आहे: इतका पक्का की अनेक अभिक्रियांतून तो सहीसलामत बाहेर येतो आणि तरीही हुकमी तोडता येतो. हुकमी तोडण्याची किल्ली फ्लोरिनकडे आहे. सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाची ऊर्जा मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल, तर सिलिकॉन-फ्लोरिन बंधाची सुमारे ५६५. त्यामुळे फ्लोराइड आयन समोर येताच सिलिकॉन ऑक्सिजनचा हात सोडून त्याच्याकडे धावते, आणि रेणूतील इतर नाजूक गटांना सहसा धक्का लागत नाही. एका रेणूत चार हायड्रॉक्सिल गट असले आणि त्यांतल्या एकाच गटाला सध्या गप्प बसवायचे असले, तर असा हुकमी बंध किती मोलाचा असतो हे ज्याने बहुपायरी संश्लेषण केले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

सुरुवातीला मात्र ट्रायमिथिलसिलिल गट फार नाजूक ठरे. ओलसर हवा लागली, सिलिका जेलच्या कॉलममधून पदार्थ नेला की तो गळून पडे. १९७२ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी आणि त्यांचे सहकारी ए. वेंकटेश्वरलू यांनी एका मिथिलच्या जागी अवजड टर्शरी-ब्युटिल गट बसवून टीबीएस पुढे आणला. पाण्याने तुटण्याच्या बाबतीत तो ट्रायमिथिलसिलिलपेक्षा सुमारे दहा हजार पट टिकाऊ निघाला. डीएमएफ या द्रावकात इमिडाझोल टाकून अल्कोहोलवर हा गट बसवण्याची त्यांची कृती इतकी साधी होती की आजही जगभरच्या प्रयोगशाळांत ती जवळपास तशीच वापरली जाते. प्रॉस्टाग्लँडिनसारखे गुंतागुंतीचे रेणू बनवण्याच्या गरजेतून हे काम झाले होते. एका लहानशा शोधनिबंधाने एवढे दूरचे काम केल्याची उदाहरणे रसायनशास्त्रात थोडीच सापडतील.

गट झाकणे एवढेच सिलिकॉनचे काम आहे असा ग्रह मात्र करून घेऊ नये, कारण पदव्युत्तर विद्यार्थ्यांतही तो सर्रास आढळतो. सिलिकॉन ज्या कार्बनवर बसलेले असते त्याच्या शेजारच्या कार्बनवर धनभार आला तर ते त्याला सावरून धरते. या एका गुणावर नवे कार्बन-कार्बन बंध जोडण्याच्या अनेक पद्धती उभ्या आहेत. जपानमध्ये मुकाइयामा यांनी १९७३ मध्ये सिलिल इनोल ईथर आणि टायटॅनियम टेट्राक्लोराइड यांच्या साहाय्याने आल्डॉल अभिक्रियेला शिस्त लावली. साध्या आल्डॉल अभिक्रियेत दोन वेगळी कार्बोनिल संयुगे एकत्र केली की कोण कोणाशी जोडले जाईल याचा भरवसा नसतो आणि चार पदार्थांची खिचडी हाती येते. त्यांतल्या एकाचे आधीच सिलिल इनोल ईथर करून ठेवले की कोणी हल्ला करायचा आणि कोणी तो झेलायचा हे ठरून जाते. होसोमी आणि साकुराई यांनी १९७६ मध्ये ॲलिलसायलेनांची अभिक्रिया दिली. तिच्यात नवा बंध सिलिकॉनपासून तिसऱ्या कार्बनवर जुळतो, दुहेरी बंध एक घर सरकतो आणि सिलिकॉन निघून जाते. डोनाल्ड पीटरसन यांची १९६८ मधली अभिक्रिया तर शिकवायला मला सर्वांत आवडे. हायड्रॉक्सिल आणि सिलिल गट शेजारी असलेला एकच पदार्थ घ्या. आम्ल टाकले तर एका भूमितीचे अल्कीन (दुहेरी बंध असलेले संयुग) मिळते, अल्कली टाकली तर त्याच्या उलट भूमितीचे. फळ्यावर दोन्ही आकृत्या काढून झाल्या की वर्गातली मागची बाकेसुद्धा जागी होत.

हे ज्ञान कसे जमा झाले, तेही निधीचे निकष ठरवणाऱ्यांनी पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी १८९९ पासून जवळजवळ चार दशके सेंद्रिय सिलिकॉन संयुगांवर काम केले. त्यांच्या हाती वारंवार स्फटिक न होणारे, गोंदासारखे चिकट अवशेष येत आणि त्यांना ते डोकेदुखीच वाटत. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रॉयल सोसायटीच्या बेकेरियन व्याख्यानात त्यांनी या शाखेत नजीकच्या काळात महत्त्वाची प्रगती होण्याची फारशी आशा दिसत नाही, असे स्वच्छ सांगितले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १० मे १९४० रोजी, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत युजीन रोचो यांनी सिलिकॉनच्या चुऱ्यावरून तांब्याच्या उत्प्रेरकासह सुमारे ३०० अंश सेल्सिअसला मिथिल क्लोराइडची वाफ सोडली आणि मिथिल क्लोरोसायलेन थेट मिळवले. जर्मनीत रिचर्ड म्युलर यांनीही स्वतंत्रपणे तेच साधले. किपिंग ज्या चिकट पदार्थांना वैतागले होते, त्यांच्याच कुळातून सीलंट, रबर, तेल आणि वैद्यकीय नळ्यांचा मोठा उद्योग उभा राहिला.

सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञाला त्या उद्योगाचे ऋण वेगळ्या प्रकारे लागते. रोचो यांच्या प्रक्रियेत मुख्यतः डायमिथिलडायक्लोरोसायलेन मिळते, ते ७० अंशांना उकळते; सोबत ६६ अंशांना उकळणारे मिथिलट्रायक्लोरोसायलेन येते आणि ५७ अंशांना उकळणारे ट्रायमिथिलसिलिल क्लोराइड थोड्या प्रमाणात येते. उत्कलनबिंदू इतके जवळ असल्यामुळे ही मंडळी वेगळी करायला उंचच उंच ऊर्ध्वपातन स्तंभ लागतात, आणि ते स्तंभ खिडक्यांच्या फटी बुजवणाऱ्या सीलंटच्या धंद्याने उभारले आहेत. आमच्या हातातली बाटली हा त्या धंद्याचा जोडपदार्थ आहे. चिपचेही नाते याच घराण्याशी आहे. गारगोटी कोळशासह विद्युतभट्टीत तापवून मिळणाऱ्या सिलिकॉनवर हायड्रोजन क्लोराइड सोडले की ट्रायक्लोरोसायलेनमार्गे चिपची वाट धरता येते, आणि मिथिल क्लोराइड सोडले की आमची. इतकेच काय, चिपच्या कारखान्यात प्रकाशसंवेदी लेप चकतीला नीट चिकटावा म्हणून तिच्यावर आधी हेक्झामिथिलडायसिलाझेनची प्रक्रिया करतात. हाच पदार्थ सेफॅलोस्पोरिन वर्गातील प्रतिजैविकांच्या कारखान्यांत पिंपांनी लागतो. सेमीकंडक्टरच्या योजनांत रसायनांच्या पुरवठ्याचा विचार होत असेल, तर या दोन गिऱ्हाइकांचा विचार एकत्र व्हायला हवा.

अंतिम पदार्थात सिलिकॉन मुद्दाम ठेवण्याचे प्रयत्नही आहेत, आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा आहे. कार्बन-सिलिकॉन बंध कार्बन-कार्बन बंधापेक्षा सुमारे वीस टक्के लांब असतो आणि सिलिकॉन आल्याने रेणूची तेलात विरघळण्याची वृत्ती वाढते. म्हणून ज्ञात औषधातील एखाद्या अणूच्या जागी सिलिकॉन घातले तर त्या औषधाचा शरीरातील प्रवास बदलू शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डी. श्रीनिवास रेड्डी यांच्या गटाने लिनेझोलिडच्या कुळातील प्रतिजैविकांत सिलिकॉन घालून पाहिले आणि ती संयुगे मेंदूपर्यंत अधिक प्रमाणात पोहोचतात, असे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रेड्डी यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. त्याच प्रयोगशाळेत साक्य सेन यांचा गट दोनच बंध असलेल्या सिलिकॉनच्या संयुगांवर, म्हणजे सिलिलीनवर, काम करत आला आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात सुनील घोष यांनी सिलिल गटाच्या आधारे रेणूची त्रिमितीय रचना नियंत्रित करण्यावर दीर्घकाळ संशोधन केले. ही नावे किती मराठी वाचकांनी ऐकली असतील? शेतीतले उदाहरण अधिक ओळखीचे निघेल. द्राक्षावरील भुरी रोगासाठी वापरले गेलेले फ्लुसिलाझोल हे बुरशीनाशक नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना ठाऊक आहे. त्याच्या रेणूच्या मधोमध सिलिकॉनचा अणू बसलेला आहे. युरोपीय संघात त्याला आता मान्यता नाही, हेही निर्यातदारांना मी सांगायला नको.

या शाखेवर आक्षेप आहेत आणि ते खोटे नाहीत. जिरॅनिऑल या सुगंधी अल्कोहोलचा रेणुभार १५४ आहे. त्याच्यावर बसवायच्या टीबीएस गटाचा ११५. एवढे वजन चढवायचे, पुढच्या दोन पायऱ्या पार करायच्या आणि नंतर ते सांडपाण्यात टाकून द्यायचे, हा व्यवहार पर्यावरणाच्या हिशेबात बसत नाही. फिल बरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये संरक्षक गट, म्हणजे अशी तात्पुरती झाकणे, न वापरता गुंतागुंतीची नैसर्गिक संयुगे बनवून दाखवली, ती याच अस्वस्थतेपोटी. सीलंट-रबराच्या याच उद्योगातील डी-फोर आणि डी-फाइव्ह ही वलयाकार सिलोक्सेन (सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकाआड एक जोडलेली संयुगे) निसर्गात दीर्घकाळ टिकून राहतात म्हणून युरोपीय संघाने धुऊन टाकायच्या सौंदर्यप्रसाधनांतील त्यांच्या वापरावर २०२० पासून निर्बंध आणले. त्यावर उपाय शोधणारे संशोधनही याच शाखेत चालले आहे. फ्रान्सिस अरनॉल्ड यांच्या गटाने आइसलँडच्या उष्ण झऱ्यांतील एका जिवाणूचे प्रथिन घेऊन, त्यात निवडक बदल करत, २०१६ मध्ये त्याच्याकडून कार्बन-सिलिकॉन बंध घडवून घेतला. आणि २०२४ मध्ये त्यांच्याच गटाने सिलोक्सेनमधील हा बंध तोडू शकणारे विकर प्रसिद्ध केले. २०१५ मध्ये ग्रब्ज आणि स्टोल्ट्झ यांच्या गटांनी महागड्या धातूंऐवजी पोटॅशियम टर्शरी-ब्युटॉक्साइडसारख्या स्वस्त क्षाराने विषमचक्रीय संयुगांवर थेट सिलिकॉन बसवून दाखवले, तेव्हा अनेकांचा प्रथम विश्वास बसला नाही. शाखा संपली म्हणणाऱ्यांनी ही दहा वर्षे पाहावीत.

आता विद्यापीठांविषयी. एम. एस्सी.च्या अभ्यासक्रमात सिलिकॉन बहुधा संरक्षक गटांच्या प्रकरणात एखाद्या पानात आटोपते आणि परीक्षेत त्यावर ‘टीप लिहा’ असा प्रश्न येतो. विद्यार्थी कोरींचे नाव, इमिडाझोल आणि टीबीएएफ (टीबीएस गट काढण्यासाठी फ्लोराइड पुरवणारे द्रव्य) पाठ करतो. त्याने टीबीएस क्लोराइडची बाटली उघडलेली नसते. विरोधाभास असा की एनएमआर या, रेणूची रचना ओळखण्याच्या तंत्राच्या प्रत्येक आलेखावर तो शून्याची खूण पाहतो ती टेट्रामिथिलसायलेनची, म्हणजे सेंद्रिय सिलिकॉन संयुगाचीच. हे द्रव सुमारे २७ अंशांना उकळते आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये बाटलीचे बूच काढताच उडून जाऊ लागते, हे त्याला कोणी दाखवत नाही. असा विद्यार्थी कुरकुंभ, तारापूर किंवा लोटे येथील कारखान्यात रुजू होतो, तेव्हा पावसाळ्यात ट्रायमिथिलसिलिल क्लोराइडचे पिंप उघडताच पांढरा धूर का येतो आणि त्या धुरात हायड्रोजन क्लोराइड आहे, हे त्याला तिथेच, नाकाने कळते. सिलिल गट काढायला काही कारखाने हायड्रोजन फ्लोराइड वापरतात. ते काच खाते आणि कातडीखाली उतरून हाडापर्यंत इजा करते. प्रथमोपचारासाठी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल हाताशी असावी लागते, ही माहिती परीक्षेच्या टिपेत येत नाही.

उपाय फार खर्चिक नाही. खानदेशातील रोशा गवताच्या तेलाचा मुख्य घटक असलेले जिरॅनिऑल अर्धा ग्रॅम घ्यावे, डीएमएफमध्ये इमिडाझोलसह विरघळवावे आणि त्यात टीबीएस क्लोराइड टाकावे. ते पांढरे, मेणचट, स्पॅट्युलाला चिकटणारे असते. दमट दिवसात ते तोलायला जरा घाई करावी लागते. काही वेळाने टीएलसीच्या, म्हणजे द्रावक चढवून पदार्थ वेगळे दाखवणाऱ्या सिलिकाच्या, पट्टीवर जिरॅनिऑलचा ठिपका खालीच राहिलेला आणि नवा ठिपका जवळजवळ द्रावकाच्या रेषेपर्यंत चढलेला दिसतो, कारण सिलिकाला धरून ठेवणारा हायड्रॉक्सिल गट आता झाकला गेला आहे. एनएमआर उपलब्ध असेल तर ०.९ जवळ नऊ हायड्रोजनांची आणि ०.१ जवळ सहा हायड्रोजनांची रेषा येते. शून्याच्या खुणेच्या इतक्या शेजारी की ती का, यावरच अर्धा तास बोलता येते. पुढच्या सत्रात टीबीएएफ टाकावे आणि ठिपका पुन्हा खाली उतरताना पाहावा. दोन प्रात्यक्षिकांचा हा मामला आहे. धूर ओढून घेणारे कपाट चालू स्थितीत असणे आणि कोरडे द्रावक मिळणे एवढीच खरी अट. ती अनेक महाविद्यालयांत पूर्ण होत नाही, हे मला ठाऊक आहे आणि अनुदानाची खरी गरज तिथेच आहे.

राज्यातील विद्यापीठांच्या रसायनशास्त्र अभ्यास मंडळांनी पुढील पुनर्रचनेत हे प्रात्यक्षिक घ्यावे आणि त्यासोबत हायड्रोजन फ्लोराइड व क्लोरोसायलेन यांच्या सुरक्षित हाताळणीचा एक तास सक्तीचा करावा, अशी माझी सूचना आहे. संशोधन प्रकल्पांचे मूल्यमापन करणाऱ्या समित्यांनी अर्जात एक रकाना वाढवावा: या संशोधनातून निघालेली पद्धत किंवा अभिकर्मक इतर किती प्रयोगशाळा आणि कारखाने वापरत आहेत? आणि आपल्या वृत्तपत्राला विनंती अशी की, सेमीकंडक्टरवरील पुढील पुरवणीत निदान एक पान राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा व भाभा केंद्रातील या संशोधकांना द्यावे. त्यांच्या कामाची आकृत्यांसह मराठीत मांडणी करायला त्यांच्याकडचे विद्यार्थी आनंदाने मदत करतील, असा माझा अनुभव आहे.

कळावे,
आपला नम्र,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, पुणे